साडेतीन वर्षांचा मुलगा, हातात ऑटिझमचा रिपोर्ट: आता आधी काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. मुलगा साडेतीन वर्षांचा, अजून "आई" म्हणत नाही, हाक मारली तर बघत नाही, गाड्या ओळीत लावत बसतो, मिक्सर लावला की कान दाबून बेडरूममध्ये पळतो, आणि परवा डॉक्टरांनी रिपोर्टवर ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, लिहून दिलं. सासूबाई म्हणतात ह्याचा काका पण पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, मिस्टर रिपोर्ट हातातच घेत नाहीत, एका सेंटरने आठवड्याला 40 तास थेरपी सांगितलीये, नात्यातल्या कुणी स्टेम सेलवाल्याचा नंबर दिलाय, आणि तुम्ही विचारताय की नोकरी सोडू का, माझं काय चुकलं, आणि हा नॉर्मल होईल का. मी 22 वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून ह्याच मुलांबरोबर काम करतेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा, एका बैठकीत नाही झालं तरी चालेल.

आधी तुमच्या मनावरचा दगड काढू. तुमचं काहीही चुकलेलं नाही. प्रेग्नन्सीत नोकरी केली म्हणून नाही, सिझेरियन झालं म्हणून नाही, मोबाईल दाखवला म्हणून नाही, ग्रहणात भाजी चिरली म्हणून तर नाहीच नाही. आईला दोष द्यायची ही सवय जुनी आहे आणि ती आपल्याकडचीच आहे असंही नाही, 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी ऑटिझम असलेल्या 11 मुलांचं वर्णन लिहिलं आणि त्यात आईबापांच्या थंडपणाचा उल्लेख आला, मग पुढची वीस-पंचवीस वर्षं "फ्रिजसारखी थंड आई" म्हणून कितीतरी बायकांना डॉक्टरांनीच दोषी ठरवलं. 1977 मध्ये जुळ्या मुलांच्या 21 जोड्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की एकसारख्या जुळ्यांमध्ये दोघांनाही ऑटिझम असायचं प्रमाण जास्त आहे, वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्ये एकाही जोडीत दोघांना नव्हता, म्हणजे जीन्सचा वाटा मोठा. मेंदूची जडणघडण जन्माच्या आधीपासूनच वेगळी होत असते. लसीचं पण तेच, 1998 मध्ये गोवरच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, 12 मुलांवरचा एक पेपर आला आणि जगभर घबराट झाली, तो पेपर 2010 मध्ये जर्नलने मागे घेतला, लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स गेलं, आणि 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासात गोवरच्या लसीचा आणि ऑटिझमचा काही संबंध दिसला नाही. त्यामुळे राहिलेल्या लसी वेळेवर द्या.

मोबाईलने ऑटिझम होत नाही, "व्हर्च्युअल ऑटिझम" असा शब्द हल्ली व्हिडिओंमध्ये फिरतो पण ते काही अधिकृत निदान नाहीये. मोबाईल कमी करा ते वेगळ्या कारणासाठी, मुलगा स्क्रीनकडे बघत असतो तेवढा वेळ तो तुमच्याकडे काही मागत नाही आणि तुम्ही त्याला काही देत नाही, देवाणघेवाणच थांबते.

सासूबाईंच्या बोलण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. "काकाही उशिरा बोलला" हे त्या रिपोर्ट खोडून काढायला म्हणतायत, पण मला ते ऐकून वाटतं की घरात हा धागा आधीपासून असेल. कितीतरी घरांत मुलाचं निदान झाल्यावर बाबांच्या, काकांच्या, आत्याच्या लक्षात येतं की आपणही असेच होतो, ठरलेल्या ताटात जेवायचो, लग्नाच्या हॉलमधून अर्ध्या तासात बाहेर येऊन रस्त्यावर उभे राहायचो. काका आता कसे आहेत, लहानपणी त्यांना कशाचा त्रास व्हायचा, कशाने बरं वाटायचं, हे सासूबाईंना प्रेमाने विचारा. वाट बघत बसू नका एवढंच.

आता नॉर्मल होईल का. ऑटिझम जाणार नाही, तो आजार नाही की गोळी घेतली आणि बरा झाला. पण मुलगा आज आहे तसाच राहणार आहे असंही बिलकुल नाही, तो खूप बदलेल. साडेतीन वर्षांच्या मुलाकडे बघून तो विसाव्या वर्षी काय करत असेल हे कुणीही सांगू शकत नाही, मी पण नाही, आणि जो कुणी छातीठोकपणे सांगेल त्याच्यापासून लांब राहा, मग तो "सहा महिन्यांत बोलता करतो" म्हणणारा असो किंवा "हा काही शिकणार नाही" म्हणणारा. माझ्याकडे सहाव्या वर्षापर्यंत एकही शब्द न बोललेला मुलगा होता, तो आज कॉलेजात आहे. आणि एक मुलगी आहे, आता मोठी झाली, ती कधीच तोंडाने बोलली नाही, टॅबवर टाइप करून भावाशी भांडते, घरातल्या सगळ्यांच्या डब्यांच्या पोळ्या तीच करते. दोघांचंही बरं चाललंय.

स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचायची ट्रीटमेंट, करू नका. पैसे असले तरी करू नका. 2022 मध्ये डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने स्पष्ट सांगितलंय की ऑटिझमसाठी ही ट्रीटमेंट म्हणून देता येत नाही. मणक्यात सुई घालून, लाखो रुपये घेऊन, मुलाला भूल देऊन जे करतात त्याने फायदा होतो असा धड पुरावा नाही. शरीरातले धातू काढायची औषधं, जास्त दाबाने ऑक्सिजन देणारे हायपरबॅरिक चेंबर, गाईचं दूध-गहू सगळं एकदम बंद, ह्या सगळ्यालाही माझं उत्तर नाहीच आहे. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दोन पदार्थ काढून घेतले तर तो फक्त अशक्त होतो.

40 तासांचं काय ते पण सांगते, कारण हा आकडा ऐकून आया नोकऱ्या सोडतात, दागिने मोडतात. तो 1987 च्या लॉस एंजलिसमधल्या एका अभ्यासातून आलाय, त्यात 19 मुलं होती, आठवड्याला 40 तास दोन वर्षांहून जास्त काळ, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं की त्यात मुलाने ऐकलं नाही तर जोरात "नो" ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हाही थेरपीचा भाग होता. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत मुलाची हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" म्हणायचे, बघितलं की बिस्किटाचा तुकडा. मला तसंच शिकवलं होतं. पुढे मोठी झालेली ऑटिस्टिक मुलं सांगायला लागली की डोळ्यात बघायला लावलं की ऐकूच येत नाही, दोन्ही एकदम जमत नाही, तेव्हा मला त्या सगळ्या हनुवट्या आठवल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुमच्या मुलाला कुणी असं जबरदस्तीने बघायला लावत असेल, हात धरून बसवत असेल, तो रडतोय तरी "सवय होईल" म्हणून दार बंद करून ठेवत असेल तर तिथून मुलाला उचला आणि घरी आणा. तुम्हाला सेशनमध्ये बसू देत नाहीत हे एकच कारणसुद्धा मला पुरेसं आहे.

मग करायचं काय? मला सगळ्यात जास्त भरवसा ज्या गोष्टीवर आहे ती घरात होते आणि तिला पैसे लागत नाहीत. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक अभ्यास झाला, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, 2 ते 9 वर्षांची 65 मुलं. डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही, तर ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते आईवडिलांबरोबर बसायचे, सहा महिन्यांत 12 सेशन. आई मुलाशी खेळतानाचा छोटा व्हिडिओ काढायचा आणि मग आईबरोबर बसून तोच व्हिडिओ बघायचा, की इथे बघा त्याने काय केलं, तुम्ही काय केलंत. सगळंच सुधारलं असं नाही, पण आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली. मी पण असंच काम करते.

एक व्हिडिओ मला अजून डोळ्यासमोर दिसतो. चार वर्षांचा मुलगा, जमिनीवर कपडे वाळत घालायचे प्लॅस्टिकचे चिमटे ओळीत लावतोय, शेजारी आई. "हा कुठला कलर? रेड ना? बोल रेड. इकडे बघ. हा कुठला? सांग ना. किती चिमटे आहेत? वन..." तीन मिनिटांत आईने 17 प्रश्न विचारले, मी मोजले, मुलाने एकदाही मान वर केली नाही, उलट हळूहळू तिच्याकडे पाठ करत गेला. तिला व्हिडिओ दाखवला तर ती रडायलाच लागली, म्हणाली मी परीक्षाच घेतेय की हो त्याची. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं काही विचारायचं नाही, फक्त बाजूला बसायचं, एक चिमटा घ्यायचा, त्याच्या ओळीच्या शेवटी त्याने लावलाय तसाच लावायचा आणि थांबायचं. तिने लावला. एक, दोन, तीन सेकंद काही नाही. तिची बोटं नुसती शिवशिवत होती काहीतरी बोलायला. नवव्या सेकंदाला त्याने तो चिमटा बघितला, मग तिचा हात बघितला, आणि चिमट्यांची टोपली इतकीशी, दोन बोटं, तिच्याकडे सरकवली.

बास, हाच संवाद. तो म्हणाला "आता तू लाव." तोंडाने नाही म्हणाला, टोपलीने म्हणाला. त्या बाईने चिमटा घेऊन फक्त "लावला!" म्हटलं, एकच शब्द, आणि परत थांबली, आणि त्याने परत टोपली सरकवली. ह्याच्यावर पुढचं सगळं उभं राहतं, शब्द असतील तर शब्द, चित्रं असतील तर चित्रं. आपण मोठी माणसं एक-दोन सेकंदांच्या वर थांबतच नाही, आणि ह्या मुलांना ऐकलेलं आत पोचायला, मग हात किंवा तोंड हलवायला त्याहून जास्त वेळ लागतो, आपण पुढचा प्रश्न टाकतो तेव्हा ती मागच्यावरच असतात.

तुमचा मुलगा पण बोलतच असणार. तुमचा हात धरून फ्रिजपाशी नेऊन ठेवतो का? ते बोलणं आहे. नको असलेली गोष्ट ढकलतो, ते पण. माझ्याकडे एक मुंबईची मुलगी यायची, सेशनमध्ये मधेच म्हणायची "पुढील स्टेशन दादर." आधी जिथे जायची तिथे ते निरर्थक बडबड म्हणून बंद करायला सांगितलं होतं. आईला विचारलं तर कळलं हे लोक लोकलने जायचे तेव्हा दादरला उतरायचे, म्हणजे ती अनाउन्समेंट झाली की उठायचं, दाराशी जायचं, बाहेर पडायचं. ती मुलगी इतके महिने सांगत होती "मला आता इथून जायचंय" आणि आम्ही सगळे तिला गप्प करत होतो. म्हणून मुलगा जाहिरातीची ओळ म्हणत असेल, सिरियलचा डायलॉग म्हणत असेल तर ती तो कधी म्हणतो हे आठ दिवस वहीत लिहा, अर्थ सापडतो.

आणि हे सगळं मराठीत करा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण "घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिशच बोला, शाळा इंग्लिश मीडियमची आहे" असं शिकल्यासवरल्या लोकांनी सांगितलेलं मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासात दिसत नाही. उलट होतं काय, की आजी मुकी होते. आईला मनापासून जे येतं, घास भरवताना, आंघोळ घालताना, रागावताना, लाड करताना, ते सगळं जातं आणि उरतं "कम हिअर, सिट डाऊन, गिव्ह मी." मुलाला भाषा कमीच मिळते आणि तीही हुकूम सोडणारी. तुमची जी भाषा असेल, मालवणी असो, अहिराणी असो, तीच बोला.

शब्द येईपर्यंत त्याला मागायला दुसरं काहीतरी द्या. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढा, त्याचा ग्लास, त्याचा टी-शर्ट, बाल्कनी, बाबांची स्कूटर, प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवा, वर सेलोटेप लावा म्हणजे टिकतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की बोलतं, मराठीतही आहे. "चित्रांची सवय लागली की बोलणार नाही" ही भीती सगळ्यांना असते, पण माझा अनुभव उलटा आहे, मागणं सोपं झालं की रडारड कमी होते आणि शब्द यायचे असले तर ते पण येतात.

मिक्सरचं बोलू. तो नाटक करत नाहीये, त्याला तो आवाज खरोखर सोसत नाही. मेल्टडाऊन आणि हट्ट ह्यातला फरक घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा, हट्ट करणारं मूल आपल्याकडे कुणी बघतंय का ते बघतं आणि वस्तू मिळाली की थांबतं, मेल्टडाऊनमधलं मूल कुणाकडे बघत नाही आणि वस्तू दिली तरी थांबत नाही, त्याचं सगळं भरून ओतू गेलेलं असतं. तेव्हा बोलायचं नाही, समजवायचं नाही, मारायचं तर अजिबात नाही, लाईट कमी, माणसं कमी, आवाज कमी, आणि जवळ बसून राहायचं. मिक्सर लावायच्या आधी त्याला मिक्सर दाखवा, तीन बोटं दाखवा, तीनदा फिरवणार म्हणून सांगा आणि खरोखर तीनदाच फिरवा. एका घरात कुकरच्या शिट्टीचा असाच त्रास होता, आई दर शिट्टीला एक बोट मिटायची, पाच महिन्यांनी तो मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून स्वतःच बोटं मिटायला लागला. कान अजून दाबतोच, पण पळत नाही. गणपतीत मिरवणुकीच्या रस्त्यावर नेऊ नका, घरच्या आरतीला टाळ-झांजा थोड्या लांब ठेवा, कान झाकायचे हेडफोन मिळतात ते आणून ठेवा. नातेवाईक काय म्हणतील ते म्हणू देत. हात फडफडवणं, गोल फिरणं हेही थांबवू नका, त्याने तो स्वतःला सावरतो. स्वतःला इजा करत असेल, डोकं आपटत असेल, तर ते वेगळं, आधी दात, कान, पोट दुखतंय का ते तपासायचं, कारण दुखतंय हे त्याला सांगता येत नाही.

डॉक्टरांकडून एवढं करून घ्या. कानाची तपासणी, बेरा किंवा ओएई, ती झाली नसेल तर आधी तीच. झटके, एकटक बघत हरवून जाणं असं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्ट, ऑटिझममध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं. आधी येत असलेले शब्द गेले असतील तर तेही नक्की सांगा.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण पुढे ढकलू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकारांत ऑटिझम आहे. सिव्हिल हॉस्पिटलमधून सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं, त्यासाठी इसा नावाची 40 मुद्द्यांची आपली भारतीय चाचणी करतात. त्या दिवशी मुलाला झोप झालेली असू दे, आणि घरातले व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा कारण अनोळखी खोलीत दहा मिनिटांत सगळं दिसत नाही. नॅशनल ट्रस्ट ह्या सरकारी संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेपर्यंत बसतो. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर दिव्यांग मुलाच्या खर्चासाठी, सर्टिफिकेटवर 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 75,000 आणि 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख वजावट. सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत, तुम्ही निवडाल तिथे, मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने आहे, "आमच्याकडे असली मुलं घेत नाही" असं सरकारमान्य शाळेने तोंडी सांगितलं तर लेखी मागा, बऱ्याचदा तिथेच सूर बदलतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी डीईआयसी, म्हणजे लहान मुलांना लवकर मदत देणारं केंद्र, असतं, तिथे थेरपी मोफत, रांग असते, पण नाव घालून ठेवा. मुंबईकडे असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था, उम्मीद, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर, इथे पालकांना शिकवतात, मला तेच महत्त्वाचं वाटतं.

नोकरीचं म्हणाल तर आत्ता सोडू नका. पहिल्या सहा महिन्यांत घेतलेले मोठे निर्णय घाबरून घेतलेले असतात. हे लांबचं काम आहे, त्याला पैसा लागणार, तुम्हाला चार माणसांत बोलणं लागणार, आणि दिवसभर घरात फक्त थेरपिस्ट बनून राहिलेली आई वर्षभरात मोडते, मी बघितलंय. आठवड्याला दोन चांगली सेशन्स आणि घरी रोज 20-20 मिनिटं दोनदा, आणि उरलेला वेळ नेहमीचं घर, भाजी आणणं, कपडे घड्या घालणं, जिन्यावर बसून गाड्या बघणं, ह्याच्यात मूल भरपूर शिकतं.

राहिले मिस्टर. त्यांना रिपोर्ट वाचायला लावू नका, भांडू नका, आपल्याकडे बाप माणसाला रडायची जागा नसते, मग तो कागद हातात घेत नाही. त्यांना एकच काम द्या. उद्या संध्याकाळी तुम्ही मुलाच्या गाड्यांच्या ओळीपाशी बसा, त्याच्यासारखी एक गाडी लावा आणि थांबा, आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ त्यांना काढायला सांगा. मोबाईल आडवा धरा, मुलाचा चेहरा आणि दोघांचे हात दिसू देत, मध्ये काही बोलू नका, एवढंच सांगायचं. तो झोपल्यावर दोघं मिळून बघा, आणि नवव्या-दहाव्या सेकंदाला त्याने काय केलं हे मिस्टर तुम्हाला सांगतील की तुम्ही त्यांना, हे मला नक्की कळवा.